उन्हात नेऊन पाहिलेली कुऱ्हाड

नवी पेठ, सोलापूर
खंडेनवमी, सकाळचे अकरा

तीर्थरूप सिद्धप्पामामांच्या पायी भाचा आणि जावई मल्लिनाथ याचे शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही ठीक आहोत (म्हणजे दानेश्वरी ठीक आहे, माझं खाली येईलच). तुमचा उजवा गुडघा, दोन्ही कान आणि म्हैस यांची तब्येत कशी आहे ते कळवावं. मामींनी पाठवलेली चटणी पोचली आणि संपलीही. आता एक विनंती, आणि ती पुढचं अक्षर वाचण्याआधी पाळायची आहे. नागपंचमीला मी दिलेली कुऱ्हाड कुणालाही वापरू देऊ नका, आणि उद्या दसऱ्याला चार वाजता बन्नीच्या (आम्ही शहरात शमीच्या म्हणतो) झाडाखाली तुम्ही स्वतः तर ती मुळीच उचलू नका. का, ते सांगतो. एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं. आणि कृपा करून हे मनात वाचा. तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि स्पीकरभोवती अर्धी गल्ली, म्हणूनच फोन न करता लिहायला बसलोय. (कागदाबद्दल माफी. ब्लाउजपीसच्या घडीत घालायचे पुठ्ठे आहेत, दुकानात दुसरं काही हाताशी नव्हतं. प्रत्येकावर नंबर टाकलाय. क्रमानं वाचलंत तर मी नुसता मूर्ख ठरेन, उलटसुलट वाचलंत तर गुन्हेगार.)

या सगळ्याचं मूळ तुमच्यात आहे, हे आधीच सांगून टाकतो. चोवीस वर्षांपूर्वी अक्षता पडल्यावर तुम्ही माझा हात हातात घेतलात, अंगठ्यानं तळवा दाबून पाहिलात आणि शेजारच्या पाहुण्यांना सांगितलंत, "पोरगं गुणाचं हाय, हात मातुर लई मऊ हायत की." पाहुणे हसले. दानेश्वरीही हसली (ती नाही म्हणते, पण तिच्या शालूच्या काठाची शेड मला आठवते, तर हसू आठवणार नाही काय). सख्खा मामा आणि सासरा एकच माणूस असल्यावर गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? तेव्हापासून तुमच्याकडे जेवायला बसलो की मी डावा हात मांडीखाली ठेवतो आणि उजवा होईल तितका वेळ आमटीत. धंदाही तसलाच. नवी पेठेत मॅचिंग सेंटर चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडणार कुठून? दिवसभर बायकांच्या साड्यांना ब्लाउजपीस आणि परकर जुळवून द्यायचे, एवढंच काम. त्यात मात्र, मामा, सोलापुरात मला कुणी हरवणार नाही. गुलाबीच्या एकोणतीस छटा मी नुसत्या नजरेनं वेगळ्या करतो, आणि एखादी बाई हटूनच बसली तर कापड घेऊन तिला दाराबाहेर उन्हात नेतो. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, उन्हात खरं बोलतो, हे वडिलांनी मला गल्ल्यावर बसवायच्या आधी शिकवलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे यानंच घात केलाय.

लोखंडाकडे वळलो तो तीन वर्षांपूर्वी, दुकानाच्या शटरची कडी जोडून घ्यायला जोतिराम लोहाराकडे गेलो तेव्हा. (आमच्या मागं दोन गल्ल्या सोडून त्याची भट्टी आहे.) त्यानं गंमत म्हणून माझ्या हातात हातोडा दिला, मी लाल लोखंडावर एक घाव घातला, आणि ते दबलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हाताखाली पहिल्यांदाच काहीतरी दबलं होतं. त्यानंतर एकही रविवार मी जोतिरामला सुखानं बसू दिलं नाही. सहा महिन्यांनी त्यानं कंटाळून एक जुनी ऐरण मला देऊन टाकली आणि ती घरी नेऊन ठोका म्हणाला. ती गच्चीवर चढवायला चार हमाल लागले. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाखाली मी भट्टी मांडली, भात्याच्या जागी दानेश्वरीचा केस वाळवायचा ड्रायर लावला, आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या गच्चीवरच्या कुरडयांवर असा काळा थर बसला की त्या घराशी आमचं बोलणं अजून बंद आहे. पहिल्या वर्षी खिळे केले, ते सरळ नव्हते. दुसऱ्या वर्षी विळे केले. त्यातल्या एकानं दानेश्वरी कोथिंबीर चिरायला बसली, तर कोथिंबीर नुसती दबली. तिसऱ्या वर्षी मी कुऱ्हाडीला हात घातला.

ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा एक तुकडा जोतिरामनं दोन भाग करून दिला. त्यातून दोन कुऱ्हाडी झाल्या, एक तुमची आणि एक माझी, जुळ्या बहिणीच म्हणा. आकार देण्यात आणि दांड्यासाठी नेढं पाडण्यात (भोक म्हटलेलं जोतिरामला खपत नाही) दीड महिना गेला. उरलं पाणी देणं. तुम्ही शेतकरी, तुम्हाला मी काय सांगणार: पातं तापवून पाण्यात बुडवलं की धार कडक होते, कमी तापलं तर मऊ राहतं, जास्त तापलं तर आतून ठिसूळ होतं, आणि किती तापलं हे फक्त रंगावरून कळतं. जोतिरामनं रंग सांगितला शेंदरी. दुसऱ्या कुणाला हा शब्द अंदाजाचा वाटला असता. माझ्या शेड कार्डावर शेंदरी म्हणजे नंबर सतरा. ते कार्ड मी आडोशाच्या खांबाला दोऱ्यानं बांधलं आणि कुऱ्हाड तापवली. पत्र्याखाली ती बरोबर सतरा नंबरची दिसली. तिथेच थांबायला हवं होतं. पण वडिलांचं शिकवणं आठवलं, आणि सांडशीत धरलेली ती तापली कुऱ्हाड घेऊन मी गच्चीच्या मधोमध, वैशाखातल्या बाराच्या उन्हात जाऊन उभा राहिलो. तिथे ती नुसती मळकट तांबूस दिसली. परत भट्टीत, परत उन्हात. असे चार फेरे झाले (खाली गल्लीतली माणसं मान वर करून बघत होती), तेव्हा कुठे उन्हात सतरा नंबर उमटला आणि मी ती पाण्यात बुडवली. मग दुसरी, अगदी तशीच. मला वाटलं, जिल्ह्यातला एकही लोहार इतक्या काटेकोरपणे रंग जुळवत नसेल. ते खरंच होतं.

पंचमीला दानेश्वरीला माहेरी सोडायला आलो तेव्हा तुमची कुऱ्हाड घेऊन आलो. पंचमीला काही कापायचं नाही, चिरायचं नाही, म्हणून तिची परीक्षा झाली नाही. (माझ्याकडच्या कुऱ्हाडीनं आजवर एकच नारळ फोडलाय, तोही तिसऱ्या घावाला.) तुम्ही ती हातात घेतलीत, धारेवरून अंगठा फिरवलात, मग त्यातल्या त्यात बऱ्या कानाजवळ नेऊन पात्यावर नखानं टिचकी मारलीत आणि बराच वेळ तशीच धरून राहिलात. मला वाटलं कौतुक चाललंय. मग ओसरीवर बसलेल्या चारचौघांना तुम्ही म्हणालात, "आमच्या जावयानं केल्याली हाय." बाकी काही नाही. मामा, हे वाक्य मी परतताना एसटीत सोलापूरपर्यंत मनातल्या मनात म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी एका बाईनं अबोली मागितला, तिला मी राणी कलर कापून दिला. आणि त्याच धुंदीत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून बसलो की यंदा दसऱ्याला बन्नीची फांदी जावयाच्या कुऱ्हाडीनं तुटणार. फांदी तोडायचा मान तुमच्या घराण्याचा, आणि तुम्हाला न विचारता मी तो वाटून मोकळा. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. उलट पंचमीला तुम्हीच मला दांडा कसा बसवतात ते दाखवलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की कुऱ्हाड वापरायच्या आदल्या दिवशी ती बादलीत पाण्यात उभी करायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि पातं निसटत नाही. उद्या जी वापरायची तीच आज बादलीत, असं बोट दाखवून म्हणाला होतात.

आता आजची सकाळ. दुकानात पूजा मांडली: कात्र्या, मीटरपट्टी, पिना मारायचं मशीन, आणि मधोमध माझी कुऱ्हाड. दानेश्वरीनं ओल्या बोटांनी हळदीकुंकू वाहिलं, त्यामुळे कुंकवाचं पाणी पात्यावरून ओघळलं. मला ग्रुपवर फोटो टाकायचा होता, आणि फोटोत तो ओघळ बरा दिसेना. पूजेतलं हत्यार आज हलवायचं नसतं हे मलाही कळतं, पण फोटोचा मोह वाईट. दानेश्वरी पाठमोरी झालेली बघून मी कुऱ्हाड उचलली आणि मलमलीच्या चिंधीनं स्वच्छ पुसली. सगळं कुंकू निघालं, एक रेघ तेवढी राहिली. नेढ्याच्या कोपऱ्यातून निघून धारेकडे जाणारी, शिवणीच्या दोऱ्याहून बारीक, तांबडी. परत पुसली, राहिली. नखानं खरवडली, नखाला काही लागलं नाही. कुंकू लोखंडावर नव्हतंच, लोखंडाच्या आत उतरलं होतं. कापडावरचा डाग कुठला आणि कापडच विरलेलं कुठलं, हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय, मामा. माझ्या कुऱ्हाडीचा विचार मनात आलाच नाही, थेट तुमच्याकडच्या जुळीचा आला.

तशीच ती परकरात गुंडाळून जोतिरामकडे धावलो. भट्टी थंड, ऐरणीला झेंडूची माळ, भात्याला माळ, आणि तो धुतलेले कपडे घालून बाजूला बसलेला. आज हत्याराला हात लावायचा नाही म्हणून त्यानं दोन्ही हात पाठीशी बांधले आणि वाकून रेघ पाहिली. मग मला टिचकी मारायला लावली. चांगलं पातं घंटेसारखं वाजतं म्हणतात, हे फुटक्या मडक्यासारखं वाजलं. त्यानं एवढंच विचारलं, "मालक, तापल्यालं लोखंड उनात नेऊन बघितलं व्हय?" मी अभिमानानं हो म्हणालो, सवयच ती. तो हात पाठीशी तसेच ठेवून परत खाली बसला. मग म्हणाला, "कापड उनात बघत्यात, मालक. लोखंड सावलीत बघायचं. उनात त्येचा रंग मरतो. तुमाला शेंदरी दिसला तवा ते हळदीगत पिवळं झाल्यालं आसंल." म्हणजे पत्र्याखाली पहिल्यांदा दिसलेला सतरा नंबर खरा होता, आणि पुढच्या चार फेऱ्यांत मी दोन चांगल्या कुऱ्हाडी स्वतःच्या हातानं बिघडवल्या. तुमच्याकडच्या दुसरीचं काय, असं विचारलं. "तडकली आसंल, नसंल बी. पर ती फिरवणाऱ्याच्या जवळ मी हुबा ऱ्हाणार न्हाय."

मामा, उद्या तुमच्या जवळ सगळं गाव उभं असणार. सोनं म्हणून बन्नीची पहिली पानं आपल्याच हातात यावीत म्हणून माणसं फांदीखाली कशी घुसतात ते मी दर दसऱ्याला बघतो, मीही घुसतो. तुम्ही मान वर करून घाव घालता. घावासरशी पात्याचा तुकडा उडाला तर तो कुणाच्या तरी वर केलेल्या तोंडावर येणार, आणि सगळ्यात जवळचं तोंड तुमचं. सकाळपासून मला दुसरं काही दिसत नाहीये. एक बाई लिंबू कलरचा परकर मागत आली, तिला मी उद्या या म्हणालो, आणि उद्या दुकान बंद आहे. मला भीती वाटतेय, मामा, आणि लाजही वाटतेय, आणि यातलं आधी काय वाटलं ते कृपा करून विचारू नका. तेव्हा कुऱ्हाड वापरू नका, एवढंच सांगायचं होतं. हे पत्र नवनाथ जीपवाल्याकडे देतोय, तो रोज तुमच्या गावावरून जातो, दोनपर्यंत तुमच्या दारात असेल. मामींना शरणु.

तुमचा
मल्लिनाथ

ता. क. (दुपारी साडेबारा) नवनाथ जात नाही. जीपच्या नाकावर हातभर माळ, चारही चाकांखाली लिंबं, आणि तो स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसलाय. आज गाडी पूजेत आहे, उद्या सकाळी नेतो म्हणाला. उद्या सकाळी तो निघणार, वाटेत दर पाहुण्याच्या दारात सोनं द्यायला थांबणार, आणि चारच्या आत पोचेल याचा भरवसा मला नाही. म्हणून दुकान दानेश्वरीवर सोपवून (तिला सांगितलं, मामांचा गुडघा बघून येतो) पत्र एसटीनं पोचवायची व्यवस्था केली आहे. कोण आणतंय ते विचारू नका.

ता. क. दुसरा (एसटीत, अक्कलकोटच्या अलीकडे) गाडी हलतेय म्हणून अक्षर हलतंय. खरी विनंती आता लिहितो, वर लिहायचा धीर झाला नाही. पत्राबरोबर एक पिशवी आहे. तिच्यात दांडा बसवलेली एक विकतची कुऱ्हाड आहे, कारखान्यातली, वजनाला माझ्या कुऱ्हाडीएवढीच. पात्यावर छापलेलं नाव मी कानशीनं घासून काढलंय आणि तिथे छिन्नीनं माझ्या खुणेचा 'म' उमटवलाय. (होय, खंडेनवमीला कानस हातात घेतली. आज मोडलेले नियम मोजायचं मी सोडून दिलंय.) संध्याकाळच्या आरतीआधी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी ती पूजेतल्या कुऱ्हाडीच्या जागी ठेवा. गावाला कळणार नाही, दानेश्वरीला कळणार नाही, फांदी तुटेल, आणि जावयाच्या कुऱ्हाडीनं तुटली असं सगळे म्हणतील. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही, नुसतं गप्प राहायचंय. गप्प राहणं तुम्हाला जड जात नाही असा माझा चोवीस वर्षांचा अनुभव आहे. कंडक्टरनं पिशवीतून डोकावणारा दांडा बघून आत काय आहे विचारलं. मी परकर म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहील याची काळजी घेतली.

ता. क. तिसरा (तुमच्या ओसरीवर, सव्वापाच) पत्र आणणारा मीच आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही बसवण्णाच्या देवळात गेलाय. मामींनी पाणी दिलं आणि अचानक कसा आलास विचारलं, मी आठवण आली म्हणालो, तर त्या घाबरल्या. ओसरीवरून आतली पूजा दिसते. मी दिलेली कुऱ्हाड मधोमध आहे आणि तिला सगळ्यात मोठी माळ आहे, नांगराच्या फाळाहून मोठी. मी उठून जवळ गेलो. फाळाला कुंकू आहे, विळ्याला आहे, खुरप्याला आहे. माझ्या कुऱ्हाडीच्या फक्त दांड्याला आहे. पात्याला कुंकवाचं बोटसुद्धा लावलेलं नाही.

मग पाय धुवायला मागच्या दारी गेलो, तर तिथे बादली होती. बादलीत तुमची जुनी कुऱ्हाड पाण्यात उभी होती, ताजी धार लावलेली.

म्हणजे पंचमीलाच कळलं होतं तुम्हाला, आणि कुंकवानं भेग उघडी पडू नये म्हणून पातं कोरं ठेवलंत. ज्या कानांना फोन ऐकू येत नाही त्यांना ती टिचकी बरोबर ऐकू आली. ती ऐकून झाल्यावर, सगळं कळून, तुम्ही ओसरीवरच्या लोकांना ते वाक्य म्हणालात. आणि मी तुमचे सगळे गावकरी वाचवायला निघालो होतो. बादलीजवळ मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो, मामींना वाटलं माझ्या डोळ्यांत साबण गेला.

आता हे पत्र फाडून, चहा पिऊन, गुडघ्याची चौकशी करून परत गेलो तरी चालण्यासारखं आहे. तुम्ही कधीही बोलणार नाही. पण कुऱ्हाड तुमच्या खुंटीवर राहील आणि कधीतरी दुसरंच कुणी ती उचलेल, म्हणून फाडत नाही. दुसऱ्या ता. क. वर काट मारली आहे (तरी वाचता येईल, पेन संपत आलंय). विकतची कुऱ्हाड मामींना सरपणाला ठेवून जातो, 'म' सकट. उद्या फांदी जुनीनंच तोडा. कुणी विचारलं तर काय झालं ते मीच सांगेन, शेड नंबरासकट. तुमच्या शेजारी उभा राहून सांगेन.

तुम्ही आलात. पायरीवर आहात, हातात चष्मा आहे. वाचताना माझ्याकडे बघू नका. आणि सगळ्यात शेवटची विनंती, वरच्या सगळ्या विनंत्या सोडून दिल्या तरी चालतील: कुऱ्हाड मला परत द्या. ते वाक्य परत घेऊ नका.